पाहुणे, पर्यटक आणि राडा

मराठीत घरी येणाऱ्या परक्या माणसासाठी ‘पाहुणा’ हा जुना शब्द आहे. संस्कृतातला ‘प्राघूर्णक’ प्राकृतातून झिजत झिजत आपल्याकडे आला आणि त्या झिजण्यातच त्याला घरपण लाभले. ‘पर्यटक’ हा त्या मानाने कोरा, कार्यालयीन शब्द. ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘अटन’ म्हणजे हिंडणे. सभोवार हिंडणारा तो पर्यटक. पाहुणा माणसांकडे येतो, पर्यटक स्थळाकडे येतो. या दोन शब्दांच्या जोडीला आमच्या जिल्ह्यात एक तिसरा शब्द गेली तीन-चार दशके मुक्कामाला आहे, तो म्हणजे ‘राडा’. ‘राडारोडा’ म्हणजे पडझडीनंतर उरणारा ढिगारा, हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला अर्थ. मुंबईच्या रस्त्यावरच्या राजकारणाने त्याला मारामारीचा अर्थ चिकटवला आणि चाकरमान्यांबरोबर तो कोकणातही उतरला. या तीन शब्दांचे एकमेकांशी काय नाते आहे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांना सुचावा यात नवल नाही. परंतु अलीकडच्या काही घटनांनी तो आम्हांला केवळ भाषेपुरता ठेवता येईनासा झाला आहे.

आम्ही दोघे सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरी दोन-चार खोल्या पर्यटकांसाठी बांधलेल्या आहेत. कुणाच्या भावाची किल्ल्यावर जाणारी होडी आहे, कुणाची आई सकाळी सहा वाजल्यापासून घावणे घालते, कुणी स्वतःच सुट्टीत पर्यटकांना हवेच्या नळकांड्यासह समुद्रात उतरवतो. ‘पर्यटन उद्योग’ हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात दूरचा वाटतो. आमच्या हजेरीपटावर तो आडनावांसकट उपस्थित असतो.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि ज्या मनीऑर्डरींवर कोकणातली चूल पेटत असे त्यांचा ओघ आटू लागला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरीही नव्या जिल्ह्याचा पाळणा हलतो आहे आणि जुना पोशिंदा अंथरुणाला खिळतो आहे, असे ते चित्र होते. १९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वाने धावू लागली. तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, निवती ही नावे नकाशावरून माणसांच्या तोंडी गेली. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहरी’ योजनेने घरच्या पडवीलाच धंद्याचे स्वरूप दिले. समुद्रातली मासळी रोडावत असताना ज्यांना रापण ओढून पोट भरणे अवघड झाले, त्यांतल्या अनेकांनी होडी तीच ठेवून प्रवासी बदलले. गावातल्या पोराने मुंबईला न जाता गावातच राहावे, हे स्वप्न आमच्या आधीच्या पिढ्यांना पडले नव्हते. ते पर्यटनाने दाखवले. म्हणूनच या व्यवसायाकडे नाक मुरडून पाहणे आम्हांला जमत नाही.

पण याच दशकांचा दुसराही एक इतिहास आहे आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. १९९१ मध्ये कणकवलीत श्रीधर नाईक यांचा खून झाला. २००२ मध्ये सत्यविजय भिसे यांचा खून झाला आणि त्यानंतर जाळपोळ झाली. २००५ साली मालवण विधानसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे बाहेरून आलेले कार्यकर्ते आणि पोलिसांचा बंदोबस्त यांनी गावे भरून गेली होती. ‘दहशत’ हा शब्द या जिल्ह्यातल्या निवडणुकांच्या भाषणांत इतक्यांदा येऊन गेला, की तो जणू एखाद्या उमेदवाराचे चिन्ह असावा. कोणत्या खटल्यात कोण सुटले, कोणाला शिक्षा झाली, याचा पुन्हा पंचनामा करणे हे या लेखाचे काम नव्हे. आम्हांला नोंदवायचे आहे ते एवढेच, की पर्यटनाची भरभराट आणि राजकीय हिंसा ही दोन्ही या भूमीवर एकाच काळात, शेजारी शेजारी वाढली.

हिंसा झाली की पर्यटन बसते, असे सर्वसाधारण समीकरण मांडले जाते. इजिप्तमध्ये लक्सर येथे १७ नोव्हेंबर १९९७ रोजी ६२ माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य परदेशी प्रवासी होते, आणि तिथल्या पर्यटनाचा कणा काही काळ मोडला. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर रविवारी चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. आदल्या वर्षी त्या देशात सुमारे २३ लाख परदेशी पर्यटक आले होते, त्या वर्षी ती संख्या १९ लाखांवर आली. मग सिंधुदुर्गात ते समीकरण का लागू पडले नाही? आमच्या मते उत्तर साधे आहे. इथली हिंसा पर्यटकाला दिसत नव्हती. ती कणकवलीच्या चौकात, आडगावच्या रस्त्यावर, रात्रीच्या अंधारात घडत होती. पर्यटक सकाळी किल्ला पाहून, दुपारी सुरमईचे ताट जेवून, संध्याकाळी सूर्यास्ताचे छायाचित्र घेऊन परत जात होता. त्याच्या ताटात सोलकढी वाढणाऱ्या माणसाने काल रात्री दाराला आतून दोन कड्या घातल्या होत्या की नाही, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. हिंसेचा पर्यटनावर परिणाम होतो असे आपण म्हणतो, तेव्हा आपण नकळत फक्त पर्यटकाने पाहिलेल्या हिंसेबद्दल बोलत असतो. यजमानाने सोसलेली हिंसा त्या हिशेबात धरलेलीच नसते.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांना चिं. त्र्यं. खानोलकरांची आठवण व्हावी. ‘कोंडुरा’ ही त्यांची कादंबरी १९६६ ची. वेंगुर्ले तालुक्यात कोंडुरा नावाचे ठिकाण प्रत्यक्ष आहे. तिथे आज पर्यटक जातात, खडकांवर फुटणाऱ्या लाटा पाहतात आणि ‘अस्पर्शित किनारा’ म्हणून त्याचे कौतुक करतात. खानोलकरांच्या कादंबरीत मात्र त्या नावाभोवती भय, श्रद्धा आणि वासना यांची जी घुसमट आहे, ती कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमात बसणारी नाही. आपल्या साहित्याने कोकण कधीच नुसते सुंदर म्हणून पाहिले नाही. माणसांच्या मनातला अंधार त्याने माडांच्या सावलीइतकाच सहजतेने टिपला. पर्यटनाने त्या साहित्यातला समुद्र तेवढा उचलला आणि भय मागे ठेवले. धंद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण मागे ठेवलेली वस्तू नाहीशी होत नसते.

ती नाहीशी झाली नव्हती हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला आणि त्याच दिवशी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला येणारे राजकोटलाही वळू लागले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. अवघ्या महाराष्ट्राला जे दुःख आणि जो संताप वाटला, तो आम्हांलाही वाटला. २८ ऑगस्टला वेगवेगळ्या पक्षांचे नेते एकाच वेळी राजकोटला पोहोचले. आदित्य ठाकरे आणि नारायण राणे यांचे समर्थक समोरासमोर आले. घोषणा झाल्या, धक्काबुक्की झाली, दगड भिरकावले गेले आणि काही काळ कुणालाच बाहेर पडता येईना. पडलेल्या पुतळ्याचा राडारोडा ज्या जागी होता, त्याच जागी दुसऱ्या अर्थाचा राडा झाला. सर्व वाहिन्यांचे कॅमेरे तिथे होते. जिल्ह्यातली राजकीय झटापट प्रथमच पर्यटनस्थळाच्या ऐन मध्यभागी, दिवसाढवळ्या, साऱ्या राज्याच्या डोळ्यांदेखत घडली.

तेव्हा हंगाम नव्हता. मेअखेरीस किल्ल्याची होडी वाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते पावसाळा सरताना पुन्हा सुरू होतात. चतुर्थी दहा दिवसांवर होती. म्हणून बुडालेल्या उत्पन्नाचा आकडा मोठा नसावा. परंतु आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी तीन खोल्या आहेत. तिला त्या आठवड्यात दिवाळीसाठी आगाऊ खोली घेतलेल्या मंडळींचे फोन आले. प्रश्न एकच, “यायला हरकत नाही ना?” ती आम्हांला म्हणाली, “मॅडम, पावसाक घाबरून असा कोणी इचारल्यान तर मी हसान सांगतंय. ह्या वेळाक काय सांगूचा तांच कळणा नाय. हरकत नाय म्हणाचा तर कोणाच्या वतीन म्हणाचा?”

तिच्या या प्रश्नात पर्यटन व्यवसायाचे सारे अर्थकारण आले आहे. मासळी बर्फात ठेवता येते, आंबा डबाबंद करता येतो, काजू पुढच्या वर्षापर्यंत टिकतो. आज रात्री रिकामी राहिलेली खोली मात्र उद्या विकता येत नाही. वर्षातले खऱ्या कमाईचे दिवस मोजकेच: दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना. त्या दिवसांच्या भरवशावर होडीच्या इंजिनाचे, खोलीच्या स्लॅबचे, पाणबुडीच्या साहित्याचे कर्ज काढलेले असते. त्यांतला एक पंधरवडा भयाने गेला, तर बँकेचा हप्ता थांबत नाही. निसर्गाच्या माराची आमच्या लोकांना सवय आहे. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने बागा झोपवल्या, घरांची कौले उडवली. तेव्हा तलाठी आले, पंचनामे झाले, थोडीबहुत भरपाईही झाली. पण भीतीचा पंचनामा करणारा तलाठी सरकारने अजून नेमलेला नाही. रद्द झालेल्या आगमनाची नोंद फक्त त्या घराच्या वहीत होते.

या किनाऱ्याने बाहेरून आलेल्या हिंसेचे परिणामही भोगले आहेत. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांसाठी वापरलेली स्फोटके दिघी आणि शेखाडी येथे उतरवली गेली होती, रायगड जिल्ह्यात, याच कोकणच्या किनाऱ्यावर. आज शेखाडीचा रस्ता समुद्रालगतच्या देखाव्यासाठी नावाजला जातो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गेच आले. ताज आणि ट्रायडंट ही पाहुण्यांच्या स्वागतासाठी उभारलेली ठिकाणे त्यांनी निवडली, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही. त्यानंतर किनाऱ्यावरचे जीवन बदलले. सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, ‘सागर कवच’ नावाचा सराव होऊ लागला. ज्याच्या सात पिढ्या त्या पाण्यावर जगल्या त्याला आपण तोच आहोत हे दाखवण्यासाठी पत्र बाळगावे लागू लागले. यात कुणाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. सुरक्षेची गरज खरीच आहे. मात्र मुंबईतल्या हॉटेलांनी सोसलेल्या हिंसेची किंमत सव्वापाचशे किलोमीटरवरचा रापणकर आपल्या परीने चुकवतो, हे हिशेबात असावे.

आणि मग २२ एप्रिल २०२५. पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. सुट्टी घालवायला गेलेली, आपल्या चुलत-मावस भावंडांसारखी माणसे. मारल्या गेलेल्यांत एक स्थानिक घोडेवालाही होता. पर्यटकांबरोबर यजमानही त्याच गवतावर पडला. एप्रिल संपेपर्यंत जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. ७ मे नंतरच्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातले अनेक विमानतळ बंद राहिले. शिकारेवाले, घोडेवाले, केशर विकणारे, गाड्या चालवणारे यांचा अख्खा हंगाम एका दुपारी संपला.

त्या वेळी आमच्याकडे मे महिन्याचा हंगाम तोंडावर होता. बाजारात, बसथांब्यावर, आणि खोटे कशाला बोला, आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतही एक वाक्य कानांवर पडत होते: काश्मीरचे बेत रद्द झाले, आता लोक कोकणाकडे वळतील. हे वाक्य बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्या डोळ्यांतही पाणी होते आणि डोक्यात हप्तेही होते. देवबागला होडी असलेला आमचा एक माजी विद्यार्थी भेटला, तो म्हणाला, “सर, लोक म्हणतत तिकडचे पर्यटक आता हय येतले. येतीलव. पण तां आयकान बरा वाटाक नाय. त्या घोडेवाल्याचा आणि माझा काम एकच मा?” एकाच्या स्मशानशांततेवर दुसऱ्याची वर्दळ उभी राहते, हे पर्यटनाच्या बाजारातले कठोर सत्य आहे. त्या मुलाने ते झटकून टाकले नाही आणि त्याचे समर्थनही केले नाही. त्याने फक्त घोडेवाल्याला आपल्या जातीचा, म्हणजे व्यवसायाच्या जातीचा, मानले. बंधुभावावरचे कितीतरी तास आम्ही वर्गात घेतले असतील, पण इतके नेमके उदाहरण आमच्याजवळ नव्हते.

पुतळ्याच्या घटनेनंतर, चतुर्थीची सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही ‘आमचे गाव आणि पाहुणे’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. राजकोटचे नाव आम्ही मुद्दाम घेतले नाही. निबंध आले. समुद्र, किल्ला, आईच्या हातचे मासे, पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या, सारे त्यांत होते. जवळजवळ साऱ्या निबंधांत ऑगस्टचा अखेरचा आठवडा नव्हता. एका मुलीने मात्र लिहिले होते, की आमच्या घरी खोल्या भाड्याने देतो तेव्हापासून बाबांनी जेवताना राजकारण बोलणे बंद केले आहे, कारण दोन्ही बाजूंची माणसे आमच्याकडे उतरतात आणि भिंती पातळ आहेत.

या एका वाक्यावर आम्ही दोघांनी बराच वाद घातला. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे, की हा पर्यटनाचा उपकार आहे. ज्या घरात पूर्वी झेंड्यावरून भावाभावांत बोलाचाली बंद होत, तिथे आता गिऱ्हाइकाच्या निमित्ताने का होईना, संयम आला. व्यापार माणसाला सभ्य करतो, असे मानणारे विचारवंत काही मूर्ख नव्हते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की हा संयम नसून जुनीच दहशत नव्या वेषात आली आहे. पूर्वी माणूस गुंडाच्या भयाने गप्प बसे, आता धंदा बुडेल या भयाने बसतो. गप्प बसण्याची सवय तीच राहिली, आणि ज्यांना राडा करायचा आहे त्यांना या गप्प बसण्याची सोयच आहे. गावातला शहाणा माणूस जेवताना राजकारण बोलेनासा झाला, तर बोलायला उरतो तो फक्त चौकातला माणूस.

वाचकांना यातली कोणती बाजू पटेल हे आम्हांला सांगता येणार नाही. आमचेही एकमत झालेले नाही. मात्र एका गोष्टीवर आम्ही सहमत आहोत. घोषणा देणारा तरुण आणि खोल्या देणारा तरुण हे दोन वेगळ्या जगांतले नसतात. आमच्या वर्गांतून दोन्ही तयार होतात आणि कधी कधी दोन्ही एकच असतो. सकाळी गळ्यात उपरणे, संध्याकाळी फोनवर खोलीचे दर. राजकीय पक्षांना गर्दी लागते आणि ती गर्दी हंगाम नसताना स्वस्त मिळते. पावसाळ्यातले तीन महिने होडी वाळूवर ओढून ठेवलेली असते, हाताला काम नसते, आणि नेमका त्याच काळात कुणीतरी गाडी पाठवतो. हिंसेने पर्यटन बसते हे खरे. अर्धवट, हंगामी, कर्जाने लगडलेला पर्यटन व्यवसाय हिंसेला माणसे पुरवू शकतो, हेही पडताळून पाहण्याजोगे आहे.

आणखी एक विसंगती. आमच्या पर्यटनाचा कळस जो सिंधुदुर्ग किल्ला, तो काही विहारासाठी बांधलेला नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला गेला, तो समुद्रावरील शत्रूंशी लढण्यासाठी. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि काही काळ त्याला स्वतःच्या राजघराण्यातले नावही दिले. त्या तटांवर माणसे लढली, मेली. साडेतीन शतकांच्या अंतराने ते सारे ‘इतिहास’ झाले आणि मार्गदर्शक ते अभिमानाने सांगतो. जुनी हिंसा अशी पाहण्याजोगी होते आणि ताजी लपवण्याजोगी. दोहोंमध्ये फरक आहेच. स्वराज्यासाठी झालेली लढाई आणि पक्षासाठी झालेली दगडफेक यांना एका मापाने मोजणे हा त्या इतिहासाचा अपमान ठरेल. पण ज्या राजाच्या किल्ल्याच्या नावाने हा जिल्हा ओळखला जातो, त्याच्या पडलेल्या पुतळ्यासमोर दगड उचलले जावेत, याचे वर्णन त्या मार्गदर्शकाने कोणत्या शब्दांत करावे?

मे २०२५ मध्ये राजकोटवर नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. आवाराची नव्याने बांधणी झाली आणि लोक येऊ लागले. पर्यटन सावरते, असा जगभरचा अनुभव आहे. लक्सरला लोक पुन्हा गेले, ताज त्याच डिसेंबरात अंशतः उघडले. ही माणसाच्या चिवटपणाची खूण आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो. सावरलेला आकडा मात्र फसवाही असतो. संख्या पूर्ववत झाली की प्रश्न संपला असे समजून फाइल बंद होते. मेलेले परत येत नाहीत, आणि जेवताना बोलणे बंद केलेले बाबा पुन्हा बोलू लागले की नाही, हे कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

म्हणून पुढच्या सत्रात प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही तोच विषय पुन्हा देणार आहोत. या खेपेस सूचना थोडी वेगळी असेल: पाहुण्यांना जे सांगत नाही, तेही लिहा. वह्या आमच्याजवळच राहतील.